दोन हद्दींमधला मुलगा

मराठी घरात 'एक पान जास्त' ही गोष्ट जुन्या पिढीला नवी नव्हती. कोणी वारावर जेवणारा विद्यार्थी असे, कोणी आईबाप गेलेला भाचा, कोणी शाळेसाठी गावाकडून आलेला लांबच्या नात्यातला मुलगा. आडनाव वेगळे, पण पंगत तीच. अशा मुलांच्या आठवणी आपल्या आत्मचरित्रांतून ठिकठिकाणी विखुरल्या आहेत आणि त्यांत दोन्ही रंग आहेत. एखादी मामी स्वतःच्या पोराआधी त्याला वाढते. एखाद्या घरी त्याच्या ताटात कालची भाकरी पडते आणि पहाटे पाणी भरायला त्यालाच हाक जाते. त्या मुलाचे बरे चालणार की वाईट, हे पुष्कळदा एका गोष्टीवर अवलंबून असे. त्याची चौकशी करणारे बाहेर कोणी आहे का? सणावाराला एखादा काका येऊन ओसरीवर बसला, पोराच्या पाठीवरून हात फिरवून 'का रे, वाळलास?' एवढेच म्हणाला, तरी सारे घर सावध राही.

ही चौकशी करण्याचे काम काकाच्या हातून कचेरीकडे गेले म्हणजे काय होते, याची एक कथा विलायतेत घडली. तिला आता ऐंशी वर्षे होऊन गेली. डेनिस ओनील या बारा वर्षांच्या मुलाचा ९ जानेवारी १९४५ रोजी त्याला सांभाळायला ठेवलेल्या घरी मृत्यू झाला. त्या मृत्यूची चर्चा न्यायालयातून वर्तमानपत्रांत, तिथून पार्लमेंटात आणि शेवटी रंगभूमीवर गेली. ब्रिटनमधील मुलांविषयीचा कायदा बदलण्यास जी कारणे घडली, त्यांत या मुलाचे नाव पुढे घ्यावे लागते. आणि ही कथा एका सीमेवरची आहे, म्हणून या अंकाच्या वाचकांपुढे ती मांडावीशी वाटते.

डेनिसचे गाव न्यूपोर्ट. अस्क नदीच्या मुखाजवळचे हे बंदर, दगडी कोळसा आणि लोखंड यांवर वाढलेले. ते ज्या मॉनमथशर परगण्यात होते, त्या परगण्याचीच जात निश्चित नव्हती. काही कायदे त्याला इंग्लंडात धरत, काही वेल्समध्ये, आणि सरकारी कागदांत 'वेल्स आणि मॉनमथशर' असा जोडशब्द वापरून दोघांचेही समाधान केले जाई. हा प्रश्न सुटला तो १९७२ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने, आणि त्याचा अंमल १९७४ पासून झाला. तोवर मॉनमथशरचा माणूस इंग्रज की वेल्श, याची चर्चा गुत्त्यात बसून करायला मोकळीक होती. बेळगाव, निपाणी, बिदरच्या वाचकाला असल्या जोडशब्दामागची गंमत आणि दुखणे ही दोन्ही उलगडून सांगायला नकोत.

ओनील कुटुंब गरीब आणि मोठे होते. मुलांची हेळसांड होते अशा तक्रारी झाल्या आणि १९४० साली न्यायालयाने मुले आईबापांकडून काढून घेतली. त्या वेळच्या कायद्यात, म्हणजे १९३३ च्या मुलांविषयीच्या कायद्यात, अशा मुलाला 'योग्य व्यक्ती'च्या हवाली करण्याची तरतूद होती. ही 'व्यक्ती' म्हणजे एखादी नगरपालिकाही असू शके. ओनील मुलांची 'योग्य व्यक्ती' झाली न्यूपोर्टची नगरपालिका. एका नगरपालिकेला कायद्याने बापाच्या जागी बसवले! कायद्याची ही कल्पना वाईट नव्हती. परंतु बाप झालेल्या नगरपालिकेला शिक्षण समिती होती, चिटणीस होता, टपाल होते, सुट्ट्यांची यादी होती. पोराच्या पाठीवर फिरवायला हात तेवढा कोणाचा, हे ठरलेले नव्हते.

ही मुले पगार देऊन खाजगी घरी ठेवण्याची पद्धत होती. घरमालकाला आठवड्याला ठराविक रक्कम मिळे. पण १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि बॉम्बच्या भयाने शहरांतली पंधरा लाखांच्या आसपास माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, काही दिवसांत खेडोपाडी हलवण्यात आली. ज्या घरात एखादी खोली रिकामी होती, तिथे शहरातले पोर येऊन बसले. पुढे सांभाळायला घर मिळणे दुर्मिळ झाले आणि मिळाले की फार चिकित्सा न करता घ्यावे, अशी वृत्ती कचेऱ्यांत वाढली. ओनील भावंडे एका घरून दुसऱ्या घरी गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स हे श्रॉपशर परगण्यातील मिन्स्टर्लीजवळच्या 'बँक फार्म' नावाच्या शेतावर आले. त्यांच्याहून लहान भाऊ फ्रेडरिक जवळपासच दुसऱ्या घरी राहिला आणि त्याचे तिथे बरे चालले. एका आईची तीन मुले, एकाच खोऱ्यात. कोणत्या दारात उभे केले यावर नशीब ठरले.

बँक फार्म न्यूपोर्टपासून नव्वद-शंभर मैल उत्तरेला, वेल्सच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगराळ मुलखात. शेत एकाकी होते. ते कसणारे रेजिनाल्ड गॉफ आणि त्याची बायको एस्थर ही तरुण जोडी होती. मुले इथे ठेवण्यापूर्वी घराची, माणसांची जी कसून पाहणी व्हायला हवी होती, ती झाली नाही. वैद्यकीय तपासणीचा नियम होता, वेळोवेळी भेट देण्याचा नियम होता. नियमांची वाण नव्हती. वाण होती ती एका साध्या उत्तराची, की ही भेट द्यायची कोणी? मुले न्यूपोर्टची, शेत श्रॉपशरच्या हद्दीत. न्यूपोर्टला वाटे की श्रॉपशरची माणसे जवळ आहेत, ती लक्ष ठेवतील. श्रॉपशरला वाटे की मुले न्यूपोर्टची आहेत, शेवटी पाहायचे त्यांनीच. पत्रे गेली, पत्रे आली. या पत्रव्यवहारात उन्हाळा संपला, पानगळ संपली.

शेवटी नाताळाच्या काही दिवस आधी, डिसेंबर १९४४ मध्ये, न्यूपोर्टच्या शिक्षण खात्यातील एक कारकून तरुणी शेतावर गेली. अशा कामाचे तिला वेगळे शिक्षण नव्हते. पण तिला डोळे होते. थोरला मुलगा आजारी आहे आणि भेदरलेला आहे, हे तिच्या ध्यानात आले. त्याला डॉक्टरला दाखवा, असे तिने घरातल्या बाईला सांगितले आणि परत येऊन मुलांना तिथून हलवावे असा अभिप्राय दिला. या साऱ्या प्रकरणात, वयाने आणि हुद्द्याने सर्वांत लहान असलेल्या सरकारी माणसानेच पाहिले ते बरोबर पाहिले. परंतु कागद टेबलावर आला आणि नाताळाची सुट्टी लागली. सुट्टी संपली, नवे वर्ष उजाडले. त्या भेटीला तीन आठवडे पुरे होण्याआधी डेनिस गेला.

९ जानेवारीला गॉफच्या बायकोने डॉक्टरला फोन केला, की मुलगा आजारी आहे. डॉक्टर पोहोचला तेव्हा मुलगा काही तासांपूर्वीच मेला असल्याचे त्याला दिसले. संशय आला तो इथे. शवविच्छेदनात जे आढळले ते सविस्तर लिहिण्याची गरज नाही. मूल अन्नावाचून खंगले होते, पायांवर चिघळलेल्या जखमा होत्या, छातीवर आणि पाठीवर माराच्या खुणा होत्या. उपासमारीने अगोदरच क्षीण झालेले हृदय माराने थांबले, असा वैद्यकीय निष्कर्ष निघाला. न्यायालयात पुढे जी साक्ष झाली, तिच्यातून भुकेची कहाणी बाहेर आली. भूक भागवायला हा मुलगा गाईच्या आचळाला तोंड लावी. जनावरांना घालायचा कंद चोरून चावला, हा त्याचा शेवटचा गुन्हा. दिवसभराच्या 'चुका' मोजून रात्री तेवढे फटके देण्याचा त्या घरात परिपाठ होता.

ही साक्ष दिली टेरेन्सने. तो दहा वर्षांचा होता. भर न्यायालयात, काळे झगे घातलेल्या माणसांपुढे उभे राहून त्याने आपल्या भावाचे काय झाले ते सांगितले. पुढे उतारवयात, २०१० साली, त्याने त्यावर पुस्तकही लिहिले. 'आमच्यावर माया करणारे कोणीतरी' असा त्याच्या नावाचा अर्थ. त्या नावातच साऱ्या फिर्यादीचा गोषवारा आहे.

खटला मार्च १९४५ मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयात चालला. ज्युरीने रेजिनाल्ड गॉफला सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले; त्याला सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. एस्थरला मुलाकडे दुर्लक्ष केल्याबद्दल सहा महिन्यांची कैद झाली.

हा महिना कोणता होता, ते लक्षात घेतले पाहिजे. दोस्तांच्या फौजा ऱ्हाइन नदी ओलांडत होत्या. लंडनवर जर्मन अग्निबाण अजून पडत होते; त्यांतला शेवटचा पडला तो २७ मार्चला. रोजच्या बातम्यांत मेलेल्यांचे आकडे हजारांनी येत. कागदाच्या टंचाईने वर्तमानपत्रे चार पानांवर आली होती. अशा दिवसांत एका गरीब पोराच्या मृत्यूला कोण विचारतो, असे कोणालाही वाटावे. घडले ते उलटे. खटल्याची हकिगत देशभर वाचली गेली. शिक्षा हलकी झाली म्हणून लोक चिडले. ज्या घराघरांतून आपली मुले परक्यांच्या स्वाधीन करून पाठवली होती, त्या प्रत्येक आईला डेनिसच्या जागी आपले मूल दिसले असेल. युद्ध आपण कशासाठी लढतो आहोत, हा प्रश्न त्या दिवसांत जो तो विचारत होता आणि त्याच्या उत्तराला हे प्रकरण टोचत होते.

लोकचर्चेची एक खोड असते. तिला एक राक्षस सापडला की ती तृप्त होते. गॉफ नवराबायको क्रूर होती, ती तुरुंगात गेली, झाले, असे म्हणून फाइल मिटवता आली असती. पण या वेळी लोकांनी दुसरा प्रश्नही धरून ठेवला. त्या घरात हा मुलगा पोहोचवला कोणी, आणि पोहोचवल्यावर पाहिले कोणी? गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांना चौकशी नेमावी लागली आणि ती त्यांनी सर वॉल्टर मंक्टन या नामवंत बॅरिस्टरांकडे सोपवली.

हे नाव हैदराबादेकडच्या जुन्या मंडळींना ओळखीचे वाटेल. मंक्टन म्हणजे तेच, निजाम मीर उस्मान अली खान यांचे घटनात्मक सल्लागार. १९३० च्या दशकापासून त्यांचा हैदराबादशी संबंध होता. १९३६ साली आठव्या एडवर्डने राज्यत्याग केला त्या पेचातही राजाचे सल्लागार तेच होते. १९४७ साली दिल्लीशी 'जैसे थे' करार करण्याच्या वाटाघाटींत निजामाच्या बाजूने मंक्टन बसले होते आणि रझाकारांच्या जमावाने त्या शिष्टमंडळाची घरे अडवल्याचा प्रसंगही त्यांनी पाहिला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने तो सारा अध्याय संपला. मराठवाड्याच्या इतिहासात मंक्टन हे नाव एका मावळत्या सत्तेच्या वकिलाचे म्हणून येते. त्याच माणसाने त्याच्या दोन वर्षे आधी एका निराधार मुलाच्या मृत्यूची छाननी केली आणि ती चोख केली, हे आपण सहसा ऐकलेले नसते.

मंक्टन यांचा अहवाल मे १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या तारखेला कोणते पत्र कोठे गेले, कोणता कागद कोणाच्या मेजावर किती दिवस राहिला, याचा त्यांनी सरळ हिशेब मांडला. मुख्य दोष न्यूपोर्टच्या पदरात पडला. अहवालाचा आशय असा, की ज्याला कायद्याने मुलाची 'योग्य व्यक्ती' म्हणून नेमले आहे, त्याचे मुलाशी असलेले नाते व्यक्तिगत असते. ती व्यक्ती नगरपालिका असली म्हणून त्यात फरक पडत नाही. हे कर्तव्य टाळता येत नाही आणि कसेबसे उरकताही येत नाही. एका कायदेपंडिताने लिहिलेले हे सूत्र आपल्या आजीने चुलीपाशी बसून सांगितले असते तर असेच सांगितले असते: घेतलेस ना पदरात? मग आता ते तुझे.

न्यायाला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. या मुलांचा विचार डेनिसच्या मृत्यूनेच सुरू झाला, असे नाही. त्याच्या सहा महिने आधी, १५ जुलै १९४४ रोजी, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या बाईंचे एक पत्र छापून आले होते. अनाथ आणि निराधार मुलांच्या संस्थांत काय चालते, तिथल्या देखरेखीची जबाबदारी किती खात्यांत विखुरली आहे, तिथे काम करणाऱ्यांना कसलेही शिक्षण कसे नाही, हे त्यांनी लिहिले आणि सार्वजनिक चौकशीची मागणी केली. त्या पत्राला उत्तरे आली, उत्तरांना उत्तरे आली. असा पत्रांचा ओघ लागला की सरकारला हालचाल करावी लागली, आणि वर्ष संपण्याआधी समिती नेमण्याचे सरकारने मान्य केले. म्हणजे पाहा, पार्लमेंटात मुलांच्या भल्यासाठी समिती नेमण्याचे बोलणे चालले होते, त्याच महिन्यात बँक फार्मवर डेनिस भुकेने चुरत होता. चर्चा खरी होती, कळकळ खरी होती. पण चर्चा त्या शेताच्या दारापर्यंत पोहोचायला काही दिवस कमी पडले. चर्चेला जे पुढे ढकलता येते, ते भुकेल्या पोराला येत नाही.

मार्च १९४५ मध्ये ती समिती बसली. तिच्या अध्यक्षा मायरा कर्टिस. घरापासून वंचित झालेल्या सर्वच मुलांचा विचार करण्याचे काम तिच्याकडे होते. अशी मुले त्या वेळी सव्वा लाखांच्या आसपास भरली. समितीच्या सभासदांनी चारशेहून अधिक संस्था प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या. त्यांना मारझोडीची उदाहरणे फारशी आढळली नाहीत. त्याहून सार्वत्रिक असे काही आढळले. अनोळखी पाहुणा आत आला, की लहान मुले धावत येऊन त्याला बिलगत, हात धरून ठेवत, सोडत नसत. अन्न होते, कपडे होते, छप्पर होते. माणूस नव्हते. १९४६ च्या त्यांच्या अहवालात हे निरीक्षण आहे आणि पुढील कित्येक वर्षे बालकल्याणाच्या विद्यार्थ्यांना ते वाचावे लागले.

समितीपुढे आणखी एक अवघड प्रश्न होता. डेनिस ओनील मेला तो सांभाळायला घेतलेल्या घरात. मग मुले अशा घरांत ठेवण्याची पद्धतच बंद करून त्यांना देखरेखीखालच्या संस्थांत का ठेवू नये? लोकांचा राग पाहता असे म्हणणे सोपे होते. समिती त्या मोहात सापडली नाही. तिने पाहिले की परक्या घरी ठेवलेली मुले, घर चांगले निवडले असेल तर, संस्थेतल्या मुलांपेक्षा अधिक सुखात असतात. म्हणून तिने क्रम लावला तो असा: शक्य तर दत्तक, ते नसेल तर चांगले सांभाळणारे घर, तेही नसेल तर लहान, घरासारखी संस्था. मात्र त्या घरावर लक्ष ठेवणारा माणूस एक असावा, नावाने ओळखता येईल असा असावा, त्याला त्या कामाचे शिक्षण असावे. एका वाईट घराने साऱ्या घरांना वाईट ठरवले नाही, हे या चर्चेचे मोठे पुण्य.

त्यातून १९४८ चा मुलांचा कायदा आला. ५ जुलै १९४८ पासून तो अमलात आला. राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तोच हा दिवस. मुलांची जबाबदारी आतापर्यंत गृहखाते, आरोग्यखाते, शिक्षणखाते आणि निवृत्तिवेतनाचे खाते अशी चौघांत वाटलेली होती. ती एका छत्राखाली आली. प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वतंत्र मुलांची समिती आणि 'मुलांचा अधिकारी' नेमणे भाग पडले. या जागांवर पुष्कळशा स्त्रिया आल्या. जुन्या गरिबांच्या कायद्यात, १९३० पर्यंतच्या मसुद्यातसुद्धा, ज्यांचे आईबाप पोसू शकत नाहीत अशा मुलांना कामाला लावावे किंवा उमेदवारीला द्यावे, एवढेच म्हटलेले असे. नव्या कायद्याने सांगितले की मुलाचे हित आणि त्याच्या गुणांची वाढ ही संस्थेची जबाबदारी आहे. कामाला लावण्यापासून वाढू देण्यापर्यंतचा हा प्रवास. मध्ये एका मुलाचे प्रेत आहे.

या कथेला एक वेगळे वळण रंगभूमीवर मिळाले. १९४७ साली राणी मेरी ऐंशी वर्षांची झाली. तिच्यासाठी काही खास करावे म्हणून बीबीसीने विचारणा केली, तेव्हा तिने अगाथा ख्रिस्तीचे काहीतरी ऐकवा असे सांगितले. ख्रिस्तीबाईंनी जी नभोनाटिका लिहिली, ती ३० मे १९४७ रोजी प्रसारित झाली. तिच्या मुळाशी ओनील प्रकरण होते: न्यायालयाने एका शेतावर पाठवलेली मुले, त्यांतल्या एकाचा मृत्यू आणि अनेक वर्षांनी त्याचा सूड. हीच नाटिका वाढवून 'माउसट्रॅप' हे नाटक झाले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी ते लंडनच्या रंगमंचावर आले आणि करोनाच्या साथीत मार्च २०२० ते मे २०२१ एवढा खंड सोडता त्याचे प्रयोग होत राहिले आहेत. जगात इतका दीर्घ काळ चाललेले दुसरे नाटक नाही. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षकांना करतात. आपणही ती पाळू. पण आपल्याकडून विलायतेला गेलेले पर्यटक लेकीसुनांसह हे नाटक बघून येतात, तेव्हा ज्या खऱ्या मुलाच्या दुःखावर ही करमणूक उभी आहे, त्याचे नाव त्यांना कोणी सांगत नाही. लोकचर्चेचे असे होते. प्रथम संताप, मग कायदा, मग कथा, आणि शेवटी उरतो तो नुसता खेळ.

आणि कायदा आला म्हणून सारे संपले का? नाही संपले. जानेवारी १९७३ मध्ये ब्राइटनमध्ये सात वर्षांच्या मारिया कोलवेलचा मृत्यू झाला. तिचे प्रकरण उलटे होते. ती सांभाळणाऱ्या नातेवाइकांच्या घरी सुखात होती, तिथून तिला आईकडे परत पाठवले आणि सावत्र बापाच्या मारात ती गेली. पुन्हा चौकशी झाली. फेब्रुवारी २००० मध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिंबिये लंडनमध्ये गेली. चांगले शिक्षण मिळावे म्हणून आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातल्या आईबापांनी तिला आत्येच्या वयाच्या एका नातेवाईक बाईच्या स्वाधीन केले होते. आपल्याकडे शाळेसाठी मुले नातेवाइकांकडे ठेवतात, तसेच. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालात म्हटले आहे, की या मुलीला वाचवण्याच्या किमान बारा संधी निरनिराळ्या खात्यांना मिळाल्या होत्या. एकाही खात्याने ती साधली नाही. त्यातून २००४ चा नवा कायदा आला. सुमारे अर्धशतकाच्या अंतराने तीच गोष्ट: पाहणारे पुष्कळ, विचारणारे कोणी नाही.

आपल्या देशाचाही या गोष्टीशी धागा आहे आणि तो कायद्यातूनच आला आहे. इंग्लंडातल्या १९०८ च्या मुलांच्या कायद्याच्या धर्तीवर मद्रासमध्ये १९२० साली, बंगालमध्ये १९२२ साली आणि मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचे कायदे झाले. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. 'योग्य व्यक्ती' ही संज्ञा त्या घराण्यातली, आणि आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्यातही ती आहे. ज्या दोन शब्दांनी न्यूपोर्टच्या नगरपालिकेला डेनिसचा बाप केले, ते दोन शब्द आजही आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येतात. त्याच कायद्याच्या ४४ व्या कलमाने मुलाला तात्पुरते दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याची सोय केली आहे, आणि त्या कुटुंबाची दर महिन्याला तपासणी व्हावी असेही सांगितले आहे. नियम उत्तम आहे. पण नियमांची वाण १९४४ सालीही नव्हती, हे आपण वर पाहिलेच.

२०१७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील टेक्सास राज्यात तीन वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाल्याची बातमी आली. बिहारमधील एका संस्थेतून ती दत्तक गेलेली होती. दोन आठवड्यांनी घराजवळच्या रस्त्याखालच्या मोरीत तिचे शव सापडले. २०१९ साली दत्तक पित्याला जन्मठेप झाली. त्या दिवसांत आपल्याकडे परराष्ट्र खात्यापासून वर्तमानपत्रांपर्यंत जो प्रश्न विचारला गेला तो ओळखीचाच होता: पाठवल्यानंतर पाहायचे कोणी? मुलगी इथली, घर तिथले. शंभर मैलांच्या जागी आता हजारो मैल आले, एवढाच फरक.

सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न आपल्या अंगणात आणून पाहावा. आपल्याकडे सोयरीक हद्द मानत नाही. बाप बेळगावचा, आजोळ चंदगडचे. आत्या सोलापुरात, मूळ घर गुलबर्ग्याकडे. मावशी सावंतवाडीला, जन्म गोव्याचा. अशा घरातला एखादा मुलगा उद्या पोरका झाला, तर तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नातेवाइकांकडे जाणार, हे उघड आहे. त्याची शाळा एका भाषेतली, कागद दुसऱ्या भाषेतले. नकाशावर तो कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असेल. डेनिसचा पत्ताही दोन्ही कचेऱ्यांच्या दप्तरी बिनचूक लिहिलेला होता. तो मुलगा हरवला नव्हता. तो नजरेतून सुटला होता, आणि पत्ता ठाऊक असलेले मूल नजरेतून सुटले, की त्याचा शोध घ्यायला कोणी निघतही नाही.

आपल्या जुन्या पद्धतीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. एक पान जास्त असलेल्या घरांतही पोरे मुकाट मार खात होती, आणि घरची अब्रू म्हणून ते बाहेर जात नव्हते. त्या मुलांसाठी कायदा हवा, समिती हवी, शिकलेला अधिकारी हवा. कर्टिसबाईंनी मागितले ते सारे हवे. पण बँक फार्मवर त्या डिसेंबरात जे घडले त्यात ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे ती कारकून मुलीची. तिच्याकडे अधिकार नव्हता, शिक्षण नव्हते. ती गेली, तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिले आणि तिला कळले. तिच्या पाहण्यात चूक नव्हती. तिने पाहिले ते ऐकायला मेजापलीकडे कोणी नव्हते.

या दिवाळीत पाहुणे येतील, आपणही जाऊ. फराळाच्या ताटाभोवती मुलांचा घोळका असेल. त्यात एखादे मूल असे असेल, की जे त्या घरचे आहे आणि नाहीही. करंजी घ्यायला ते कोणाच्या तरी तोंडाकडे आधी बघेल. त्याच्याशेजारी जरा बसावे, पाठीवरून हात फिरवावा, 'का रे, वाळलास?' असे विचारावे. आणि उत्तर काय येते, ते नीट ऐकावे.